पहिल्या दिवशीचा रस्ता : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

परदेशप्रवासाच्या या पानासाठी व्हिसा, चलन आणि सामानाचे प्रश्न नेहमीच येतात. या वेळी मात्र बडोद्याच्या वाचकांनी सगळ्यात जास्त विचारलं ते रस्त्यांबद्दल. पत्रं वाचताना लक्षात येतं की, गाड्यांच्या संख्येने माणूस भांबावतो खरा, पण गडबड होते ती अंगात मुरलेली एखादी सवय भलत्या शहरात वापरल्यामुळे. म्हणून प्रत्येक उत्तरात काय करायचं याबरोबर त्यामागचं कारणही दिलं आहे. कारण कळलं की नवख्या चौकातही पाय बरोबर पडतात.

प्रश्न (दांडिया बाजार) : हनोईला पहिल्या संध्याकाळी आम्ही पाच जण, त्यात दोन मुलं आणि सासूबाई, होआन कीएम तळ्याजवळ फुटपाथवर नुसते उभे राहिलो. स्कूटरचा लोंढा थांबेचना. झेब्रा पट्टे होते, पण त्यावर कुणी थांबत नव्हतं. मांडवी-न्यायमंदिरच्या गर्दीत वाढूनही पाऊल टाकवेना. शेवटी तिथल्या एका बाईंनी हाताला धरून पलीकडे नेलं. आता बहीण सहकुटुंब जाते आहे. तिला काय सांगू?

उत्तर : मांडवीची सवय तिथे अर्धीच उपयोगी पडते. आपण इथे फट शोधून रस्ता ओलांडतो. फट दिसली की पळायचं, गाडी जवळ आली की एक पाऊल मागे यायचं. हनोईच्या जुन्या भागात तशी मोठी फट मिळतच नाही, आणि पळणं व मागे सरकणं या दोन्ही गोष्टी तिथे घातक ठरतात. तिथल्या गल्ल्यांत स्कूटर साधारण ताशी २०-३० किलोमीटरने चालते. चालवणारा तुम्हाला लांबूनच हेरतो, तुमच्या चालीवरून दोन सेकंदांनी तुम्ही कुठे असाल याचा अंदाज घेतो आणि बहुतेक वेळा तुमच्या पाठीमागून गाडी काढायचं ठरवतो. चाल एकसारखी राहिली तर त्याचा अंदाज बरोबर ठरतो. तुम्ही दचकून मागे आलात, तर त्याने निवडलेल्या वाटेतच जाऊन उभे राहता. अगदीच घाबरायला झालं तर जागच्या जागी थांबावं, पण मागे येऊ नये.

तेव्हा बहिणीला सांगा : आधी येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पाहा. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून अर्ध्या रस्त्यापर्यंत ती डावीकडून येतील आणि पुढच्या अर्ध्यात उजवीकडून. कार, बस आणि ट्रक आधी जाऊ द्या. स्कूटर तुम्हाला वळसा घालू शकते, बस घालू शकत नाही, आणि ती पादचाऱ्यासाठी थांबेल असं कधीच धरून चालू नका. पुढच्या काही सेकंदांत फक्त दुचाक्याच आहेत असं दिसलं की सावकाश, एकाच गतीने निघा. फोन खिशात असू द्या. नजर येणाऱ्या चालकांच्या चेहऱ्याकडे असू द्या. आपण पाहतो आहोत हे त्यांना दिसतं आणि त्यांनी आपल्याला पाहिलं की नाही हे आपल्यालाही कळतं. हात कमरेच्या उंचीवर तळवा दाखवत धरला तर हरकत नाही. तो "इकडे मी आहे" एवढंच सांगतो, त्याने गाडी थांबत नाही.

कुटुंबाने ओलांडताना सगळ्यात मोठी चूक होते ती रांगेची. बाबा पुढे, मागे मुलं, मग आई, शेवटी आजी अशी एकामागोमाग रांग केली की रस्त्यात पाच-सहा मीटरची भिंत तयार होते. स्कूटरना तिला वळसा घालता येत नाही, मग त्या रांगेच्या मधून घुसतात आणि रांग तुटते. त्याऐवजी सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून उभं राहावं आणि एकाच वेळी पाऊल टाकावं. येणाऱ्या चालकाला त्यात एकाच माणसाएवढी रुंदी दिसते. दोन्ही टोकांना मोठी माणसं, मध्ये मुलं आणि आजी. दोन टोकं मोठ्यांकडे ठेवण्याचं कारण वर आलंच आहे : अर्ध्या रस्त्यानंतर वाहनांची बाजू बदलते. मुलांचा हात धरण्यापेक्षा मनगट धरा, घामाने तळहात सुटतो. आणि चाल आजींच्या पायांच्या बेताने ठरवा. सावकाश चालणं तिथे दोषाचं नाही, चाल बदलणं दोषाचं आहे.

१ जानेवारी २०२५ पासून व्हिएतनाममध्ये वाहतुकीचे दंड खूप वाढले आहेत. लाल दिवा तोडणाऱ्या मोटरसायकलला ४० ते ६० लाख डाँग दंड आहे. म्हणून शंभर पावलं जास्त पडली तरी दिव्याचा चौक गाठावा. मात्र दिवा हिरवा असतानाही वळून येणाऱ्या दुचाक्या असतात, हे विसरू नये. एकदिशा रस्त्यावरही उलट्या बाजूने एखादी स्कूटर येते, तेव्हा मान दोन्हीकडे वळली पाहिजे. विजेवरच्या स्कूटरचा आवाज होत नाही. पावसात चालकांनी मोठे रेनकोट घातलेले असतात, त्यांना बाजूचं कमी दिसतं आणि ओले पट्टे निसरडे होतात. अशा वेळी आजी बरोबर असतील तर गाडी मागवणंच शहाणपणाचं.

होआन कीएमभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत वाहनांना बंद असतात. बेत त्या दिवसांत बसत असेल तर पहिली संध्याकाळ तिथेच घालवावी. मुलांची भीती उतरते आणि बाहेरच्या चौकात उभं राहून स्थानिक माणसं कशी ओलांडतात तेही निवांत पाहता येतं. दहा मिनिटं पाहिलं की चाल समजते.

प्रश्न (अलकापुरी) : युरोपात जाणार आहोत. "तिथे गाड्या उलट्या बाजूने चालतात" एवढं सगळे सांगतात. पायी फिरणाऱ्याला त्याने नेमका काय फरक पडतो?

उत्तर : तीन ठिकाणी पडतो. पहिलं, मान. आपल्याकडे फुटपाथवरून उतरताना पहिली गाडी उजवीकडून येते, म्हणून मान आधी उजवीकडे वळते. पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅममध्ये पहिली गाडी डावीकडून येते. तुम्ही सवयीने उजवीकडे पाहता, रस्ता मोकळा दिसतो आणि पाय उतरतो. पहिले दोन दिवस "डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे" हे मोठ्याने म्हणा. मुलांना ते काम द्या, ती चुकत नाहीत. लंडनमध्ये मात्र वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. तिथे रस्त्यावर "उजवीकडे पाहा" असं इंग्रजीत रंगवलेलं असतं, ते युरोपच्या इतर भागांतून येणाऱ्यांच्या सोयीचं आहे. एकदिशा रस्त्यांवर तिथेही "डावीकडे पाहा" लिहिलेलं आढळतं, म्हणून खाली वाचूनच उतरावं.

दुसरं, गाडीचं दार. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि धोका इथेच जास्त. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे असतो, म्हणून डावीकडून उतरायची सवय. उजवीकडून चालणाऱ्या देशांत टॅक्सी थांबते तेव्हा फुटपाथ उजवीकडे असतो आणि डावं दार थेट वाहत्या रस्त्यावर उघडतं. मुलाला मागच्या सीटवर उजव्या दाराशी बसवा आणि सगळ्यांनी उजवीकडूनच उतरा. मात्र युरोपातल्या बऱ्याच शहरांत फुटपाथला लागून सायकलचा पट्टा असतो, म्हणजे त्या बाजूलाही मागे पाहिल्याशिवाय दार उघडता येत नाही. दारापासून लांबच्या हाताने कडी ओढायची. त्याने अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

तिसरं, सायकल आणि ट्राम. ॲमस्टरडॅममधले लालसर पट्टे सायकलींचे आहेत. फोटो काढायला तिथे उभं राहणं म्हणजे भर रस्त्यात उभं राहणं, आणि सायकलवाले जोरात येतात. जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ दिसली आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असली, तर दुसऱ्याला आधी जाऊ देणं तुमच्याकडे आहे. ट्रामचं तर सरळ आहे : तिला बाजूला होता येत नाही आणि थांबायला लांब अंतर लागतं. उभ्या ट्रामच्या मागून रूळ ओलांडू नये, कारण समोरून येणारी दुसरी ट्राम त्या आडोशाने दिसत नाही.

पॅरिसला आर्क द त्रिओंफ पाहायला जाल तेव्हा कमानीभोवतीच्या सर्कलमध्ये उतरू नका. तिथे १२ रस्ते मिळतात आणि सर्कलमध्ये शिरणाऱ्या गाडीला आधी वाट मिळते. आपला नियम याच्या उलट आहे, सर्कलमधल्या गाडीला आधी वाट. त्यामुळे काळाघोडा सर्कलवरून रोज जाणाऱ्याचाही अंदाज तिथे चुकतो. कमानीपर्यंत जायला भुयारी वाट आहे, तीच धरावी.

प्रश्न (मकरपुरा) : मुलगा न्यू जर्सीत आहे. आम्ही दोघं पहिल्यांदाच चार महिन्यांसाठी जातोय. रोज सकाळी पायी फिरायची सवय आहे. तिथे गाड्या माणसासाठी थांबतात असं ऐकलं, मग काळजीचं काय कारण?

उत्तर : थांबतात, हे खरं. न्यू जर्सीत पादचारी क्रॉसवॉकवर, म्हणजे रस्ता ओलांडायच्या आखलेल्या पट्ट्यावर, असेल तर चालकाने थांबून राहायचं असा कायदाच आहे. पण काळजीची जागा एक आहे, आणि ती नीट समजून घ्या.

न्यू जर्सीत लाल दिवा असतानाही गाडीला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा पाहून उजवीकडे वळता येतं. मनाई असेल तिथे तसा फलक असतो. असा वळणारा चालक डावीकडे टक लावून बसलेला असतो, कारण त्याला भीती असते ती डावीकडून येणाऱ्या गाड्यांची. तुम्ही त्याच्या उजव्या हाताच्या फुटपाथवरून हिरव्या दिव्यावर निघता आणि त्याची मान तुमच्याकडे वळलेलीच नसते. म्हणून दिवा तुमचा असला तरी पहिल्या लेनमधल्या चालकाशी नजरानजर झाल्याशिवाय त्याच्या गाडीपुढून जाऊ नका. तो खुणेने "जा" म्हणेल. मग मात्र रेंगाळू नका. न्यू यॉर्क शहरात हा नियम उलटा आहे, तिथे लाल दिव्यावर उजवीकडे वळायला बंदी आणि फलक असेल तिथेच परवानगी.

चालण्याचा दिवा खांबावरचं बटण दाबल्यावरच येतो, असे चौक उपनगरांत पुष्कळ आहेत. बटण न दाबता उभं राहिलं तर गाड्यांचे दिवे बदलत राहतील, तुमचा येणार नाही. चालणारा पांढरा माणूस म्हणजे निघा. नारिंगी हात लुकलुकू लागला तर अर्ध्यात असलेल्यांनी पुरं करायचं, कडेला असलेल्यांनी निघायचं नाही. बरेच लोक लुकलुकणं पाहून अर्ध्यातून परत फिरतात, ते करू नका.

काही वस्त्यांत फुटपाथच नसतो. तिथे रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. पिवळी स्कूलबस लाल दिवे लुकलुकवत उभी राहिली की दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात. मुलगा गाडी का थांबवतो हे त्या वेळी कळेल. आणि नातवंडाला विमानतळावरून येताना मांडीवर घेता येणार नाही. ८ वर्षांखालील आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मागच्या सीटवर त्याच्या मापाची खास सीट लागते. कितीही मोह झाला तरी आजी-आजोबांनी यात हट्ट धरू नये.

प्रश्न (फतेहगंज) : आईचे गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते. तिच्यासाठी दिवा पुरेल का, हे आधी कसं कळणार?

उत्तर : घरीच मोजून पाहा. अमेरिकेत लुकलुकत्या हाताचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साडेतीन फूट, म्हणजे साधारण एक मीटर चालतो असं धरतात. कमाटी बागेत सपाट वाटेवर २० मीटर अंतर मोजा आणि आईंना नेहमीच्या चालीने चालायला सांगा. २० सेकंदांच्या आत झालं तर बहुतेक दिवे पुरतील. २५-३० सेकंद लागत असतील तर एकच नियम पाळा : आधीपासून चालू असलेल्या हिरव्या दिव्यावर निघायचं नाही. तो लाल होऊ द्यायचा, कडेला तयार उभं राहायचं आणि नवा हिरवा लागताच पहिलं पाऊल टाकायचं. रुंद रस्त्यावर मध्ये दुभाजकाचा कट्टा असेल तर तिथे थांबून दुसरा दिवा घ्यावा, त्यात संकोच कसला. गाडी येते त्या बाजूला तुम्ही आणि आतल्या बाजूला आई, अशी जागा अर्ध्या रस्त्यात बदला. काठी रस्त्याच्या उताराकडच्या भागात अडकते, म्हणून कडेचा उतार उतरताना आधार द्या. हॉटेल घेताना खोलीपेक्षा समोरचा रस्ता पाहा. मेट्रोचं स्टेशन रस्त्याच्या त्याच बाजूला असेल तर रोजचे दोन क्रॉसिंग वाचतात.

प्रश्न (कारेलीबाग) : दुबईत समोरच मॉल दिसत होता, पण पोचायला टॅक्सीने अर्धं शहर फिरावं लागलं. पायी पलीकडे जाता येत नाही का?

उत्तर : शेख झायेद रोडसारखा रस्ता पायी ओलांडायचा नसतो. भलत्या जागी ओलांडलं तर ४०० दिरहॅम दंड आहे, आणि ताशी ८० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर २०२५ पासून कायदा तुरुंगवासापर्यंत जातो. कारण उघड आहे : त्या वेगात चालकाला थांबायला जागाच नसते. उपाय सोपा आहे. मेट्रोची स्टेशनं दोन्ही कडांना वातानुकूलित पुलांनी जोडलेली आहेत आणि नुसतं पलीकडे जायला तिकीट लागत नाही. जवळचं स्टेशन शोधा, एका बाजूने चढा, दुसऱ्या बाजूने उतरा. मेट्रोत बसणार असाल तर खाणं, पिणं आणि च्युइंगगम आत चालत नाही, त्यालाही दंड आहे. दुबईत गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे दाराबद्दल वर लिहिलेलं सगळं तिथे लागू. टॅक्सीत मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावलाच पाहिजे.

प्रश्न (सयाजीगंज) : बँकॉकमध्ये विमान चुकता चुकता राहिलं. टॅक्सी एकेका दिव्यावर खूप वेळ थांबत होती. हे नेहमीचं आहे की आमचं नशीब?

उत्तर : नेहमीचं आहे. बँकॉकच्या बऱ्याच मोठ्या चौकांत पोलीस दिवे हाताने चालवतात. एका रस्त्याची रांग संपेपर्यंत ते दुसरा अडवून धरतात, म्हणून लाल दिवा काही मिनिटंही राहतो. नकाशावरचा वेळ अशा वेळी फसतो. संध्याकाळी चार ते आठ या वेळात टॅक्सीने विमानतळ गाठायचा बेत करूच नका. सुवर्णभूमी विमानतळाला फाया थाय स्टेशनवरून थेट रेल्वे आहे, साधारण अर्ध्या तासात पोचवते आणि तिला चौक आडवे येत नाहीत. सामान जास्त असेल तर दोघांनी बॅगा घेऊन दुपारीच टॅक्सीने निघावं. उतरल्यावर टॅक्सी घेणार असाल तर विमानतळाच्या अधिकृत रांगेतली घ्या. तिथे मीटरवर ५० बाट अधिभार आणि उन्नत रस्त्याचा टोल प्रवाशाने द्यायचा असतो. चालकाने तो मागितला म्हणजे फसवलं असं समजू नका.

पायी फिरताना आणखी एक. थायलंडमध्ये समोरच्या गाडीने हेडलाइट लुकलुकवला तर "तुम्ही जा" असा अर्थ नाही, "मी येतोय, थांबा" असा आहे. झेब्रावर गाडी थांबेल असं धरू नका. पादचारी पूल आणि स्कायट्रेनच्या स्टेशनांना जोडणाऱ्या उन्नत वाटा वापरा. फुटपाथवरही मोटरसायकली येतात, मुलांना इमारतीच्या बाजूला ठेवा.

प्रश्न (गोत्री) : गोव्यासारखी परदेशातही स्कूटर भाड्याने घ्यायचा मुलांचा हट्ट आहे. आंतरराष्ट्रीय परवाना कसा काढायचा?

उत्तर : परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४अ भरा. सोबत चालू परवाना आणि पासपोर्ट, व्हिसा लागणारा देश असेल तर व्हिसा, आणि १००० रुपये शुल्क. बडोद्याचं आरटीओ दरजीपुरात आहे. परवाना एक वर्ष चालतो. त्यावर तेच वाहन चालवता येतं ज्याचा वर्ग तुमच्या मूळ परवान्यात आहे. इथेच घोळ होतो. मूळ परवाना फक्त कारचा असताना भाड्याचा दुकानदार स्कूटर देतो, कागद नीट पाहत नाही. अपघात झाला की विमा कंपनी मात्र कागद पाहते आणि दावा नाकारते, दवाखान्याचं बिल तुमच्या खिशातून जातं. निघण्यापूर्वी प्रवास विम्यात दुचाकी चालवणं धरलं आहे का, हे लेखी विचारा. तो देश आपला परवाना मानतो का, हेही त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा.

हे सगळं जुळलं तरी हनोई, सायगाव (हो ची मिन्ह सिटी) किंवा बँकॉकमध्ये घरच्यांना मागे बसवून स्कूटर चालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे गाडी मागवायचं ग्रॅब ॲप चालतं, भाडं आधी दिसतं. इथून निघण्यापूर्वी आपल्या नंबरावर नोंदणी करून ठेवा, तिकडे ओटीपी येत नसला की पंचाईत होते. सिंगापूरलाही तेच ॲप आहे, पण तिथे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खास सीट लागते. टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरून येणाऱ्या खासगी गाडीला नाही. मूल बरोबर असेल तर ॲपवर मुलाच्या सीटची गाडी निवडा, नाहीतर टॅक्सी घ्या.